डून लेरी: पाटीवर परत आलेलं नाव



डब्लिनहून डार्टनं दक्षिणेकडे निघालात की समुद्र डाव्या हाताला येतो. ब्लॅकरॉक, सीपॉइंट, सॉल्टहिल, आणि मग एक स्टेशन येतं ज्याच्या पाटीवरचं नाव आपल्याकडून नवीन आलेल्या कुणालाही पहिल्या झटक्यात वाचता येत नाही. बारा रोमन अक्षरं, त्यातली बरीचशी मुकी. इंग्रजीच्या सवयीनं वाचायला जावं तर 'डन लाओघेअर' असं काहीतरी तोंडून निघतं. इथली माणसं सहज 'डन लिअरी' म्हणून मोकळी होतात. आयरिश भाषेतला उच्चार 'डून लेरे'च्या जवळचा. आपण मराठीत डून लेरी म्हणू.

मुलं विचारतात, "यात जी आहे, एच आहे, मग ते म्हणायचे का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर शोधत गेलं की ते फक्त स्पेलिंगपाशी थांबत नाही. राजे, बंदरं, रेल्वे असं करत करत ते थेट आपल्या घरात येतं. म्हणून आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी अर्थ

'डून' म्हणजे किल्ला. कोट, तटबंदी घातलेली जागा. 'लेरे' हे माणसाचं नाव. म्हणजे सरळ अर्थ: लेरेचा किल्ला.

हा लेरे कोण? परंपरेनं सांगितलं जातं की हा पाचव्या शतकातला आयर्लंडचा मोठा राजा लेरे मॅक नील. तुमच्या मुलांनी शाळेत सेंट पॅट्रिकची गोष्ट ऐकली असेल. पॅट्रिकनं ईस्टरच्या आदल्या रात्री स्लेनच्या टेकडीवर होळी पेटवली आणि समोर टाराच्या टेकडीवरून ती बघून राजा संतापला. त्या गोष्टीतला राजा हाच. दंतकथा असं सांगते की समुद्रापलीकडे ब्रिटनवर स्वाऱ्या करण्यासाठी त्यानं इथे किनाऱ्यावर ठाणं बांधलं. त्या किल्ल्याचा आज मागमूस नाही. पण मुंबईत 'फोर्टला जाऊन येतो' म्हणतो तेव्हा आपल्याला तरी तट कुठे दिसतो? तो 1860 च्या दशकातच पाडला. किल्ले जातात, नावं राहतात.

आता त्या राजाच्या नावाचा अर्थ बघा. आयरिशमध्ये 'ले' असा उच्चार होणारा शब्द म्हणजे वासरू, आणि 'लेरे' म्हणजे वासरं राखणारा. त्या काळी आयर्लंडमध्ये माणसाची श्रीमंती गुरांवर मोजत, त्यामुळे हे नाव राजाला शोभणारंच होतं. मुलांना सांगताना सोपं करून सांगा: आपल्या 'गोपाळ' नावाचा हा आयरिश शेजारी. गोपाळगड म्हटलं की झालं!

मग ते जी आणि एच?

जुन्या आयरिश लिपीत एखादं व्यंजन मऊ उच्चारायचं असेल तर त्याच्या डोक्यावर टिंब देत. पुढे छपाई साध्या रोमन अक्षरांत सुरू झाली, तेव्हा त्या टिंबाऐवजी शेजारी एच लिहायला लागले. म्हणजे तो एच हे अक्षर नाहीच, ती एक खूण आहे. जी मऊ होत होत बोलण्यातून गेला, लिहिण्यात मात्र राहिला.

आणि 'डून'मधल्या यूवर जी तिरकी रेघ असते, तिला फादा म्हणतात. ती म्हणजे आपला दीर्घ. आपल्याकडे दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. तसंच आयरिशमध्ये रेघेसह लिहिलं तर 'शॉन' हे मुलाचं नाव, आणि तीच अक्षरं रेघ न देता लिहिली तर 'शॅन', म्हणजे म्हातारा, जुना. ऱ्हस्व-दीर्घावरून आजीची बोलणी खाल्लेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे चटकन कळतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर आयरिश भाषेचं शुद्धलेखन सोपं केलं. त्या नियमानं या नावातली मुकी अक्षरं गळायला हवी होती. पण गावाच्या पाटीवर जुनंच लेखन राहिलं. अवघड आहे म्हणून कुणी ते छाटलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

'डून'चं गणगोत

हा शब्द एकदा ओळखीचा झाला की आयर्लंडचा नकाशा बोलायला लागतो. डंडॉक म्हणजे डून डाल्गन. डाउनपॅट्रिक म्हणजे पॅट्रिकचा किल्ला. आणि डोनेगॉल? डून ना न्गाल, म्हणजे परक्यांचा किल्ला. हे परके म्हणजे समुद्रावरून आलेले व्हायकिंग. बाहेरून आलेल्यांच्या नावानं एक अख्खा परगणा ओळखला जातो, हे आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

जर्मनीतल्या मंडळींसाठीही यात काहीतरी आहे. बव्हेरियातलं केम्प्टन हे शहर रोमनांच्या काळात कांबोडूनुम होतं. 'कांब' म्हणजे वळण, 'डूनुम' म्हणजे हाच डून. नदीच्या वळणावरचा किल्ला. फ्रान्समधलं व्हर्दं म्हणजे विरोडूनुम आणि लियाँ म्हणजे लुगडूनुम. केल्टिक भाषा एके काळी युरोपात कुठवर पसरल्या होत्या, ते ही गावं आजही सांगतात.

आणखी एक गंमत. जर्मनमध्ये कुंपणाला 'त्साउन' म्हणतात आणि इंग्रजीत गावाला 'टाउन'. हे दोन्ही शब्द 'डून'च्याच कुळातले मानले जातात. कुंपण घातलेली जागा, त्यावरून वस्ती, त्यावरून गाव. ही गोष्टही बाजूला काढून ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवी. देहरादूनमधला 'दून' वेगळा, तो दरीचा. आणि आपला 'दुर्ग' कानाला जवळचा वाटला तरी त्याची घडण वेगळी: जिथे जाणं अवघड, तो दुर्ग. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नसतं. व्हॉट्सॲपवर 'सगळं आपल्याकडूनच गेलं' छापाचे मेसेज फिरतात, ते मुलांना सांगण्याआधी एकदा तपासलेले बरे.

राजा आला आणि नाव गेलं

दोनशे वर्षांपूर्वी इथे मासेमारी करणारं लहानसं गाव होतं. इंग्रजी कागदांवर त्याचं नाव डनलिअरी. 1807 च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या उपसागरात वादळात दोन जहाजं फुटली आणि चारशेच्या आसपास माणसं बुडाली. वादळात जहाजांना आसरा मिळावा म्हणून बंदराची मागणी जोर धरू लागली. 1817 मध्ये काम सुरू झालं. जवळच्याच डॉकीच्या खाणीतला ग्रॅनाइट आणून दोन लांबच लांब धक्के बांधले. पूर्वेकडचा धक्का 1.3 किलोमीटरचा आहे. रविवारी तुम्ही ज्यावर आइस्क्रीम खात फिरता, तोच.

1821 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज आयर्लंडच्या भेटीला आला. तो उतरला हौथला, पण परत जाताना 3 सप्टेंबरला इथून जहाजात बसला. तेवढ्यावरून गावाचं नाव बदलून 'किंग्जटाउन' केलं. राजाच्या येण्याची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ आजही बंदराजवळ चार दगडी गोळ्यांवर उभा आहे.

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट काढा. 'टाउन' हा 'डून'चाच नातेवाईक. आणि लेरे हासुद्धा राजाच होता. म्हणजे 'लेरे राजाचा डून' पुसून त्या जागी 'राजाचं टाउन' लिहिलं. अर्थ जवळपास तोच राहिला, फक्त राजा बदलला! नाव बदलणाऱ्यांना हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच. जुन्या नावाला काही अर्थ असतो आणि तो विचारावा, हेच तेव्हा कुणाला गरजेचं वाटलं नसावं.

किंग्जटाउनचे दिवस भरभराटीचे होते, हेही खरं. आयर्लंडमधली पहिली रेल्वे 17 डिसेंबर 1834 ला डब्लिन ते किंग्जटाउन धावली. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी त्यानंतर अठराहून थोड्या अधिक वर्षांनी, 16 एप्रिल 1853 ला सुटली. आणि 1911 चा एक योगायोग मुलांना नक्की सांगा. त्या वर्षी जुलैमध्ये पाचवा जॉर्ज राजा किंग्जटाउनच्या बंदरात उतरला आणि डिसेंबरमध्ये तोच राजा मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. गेटवे ऑफ इंडिया त्याच भेटीची आठवण म्हणून बांधलंय. एकच राजा, एकच वर्ष, दोन बंदरं. आपला आणि या गावाचा इतिहास तिथे शेजारी-शेजारी उभा आहे.

नव्व्याण्णव वर्षांनी

1920 मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, इथल्या नगर परिषदेनं किंग्जटाउन हे नाव टाकून डून लेरी परत घेतलं. आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं डिसेंबर 1922 मध्ये. म्हणजे देश स्वतंत्र होण्याची वाटसुद्धा या गावानं पाहिली नाही.

कॉर्कजवळच्या बंदराचंही तसंच झालं. व्हिक्टोरिया राणी 1849 मध्ये आली म्हणून त्याचं 'क्वीन्सटाउन' झालं होतं. तेही 1920 मध्येच 'कोव्ह' झालं. पण त्यात एक मेख आहे. कोव्ह हा मुळात इंग्रजी शब्द, छोट्या आखाताला म्हणतात तो, फक्त आयरिश स्पेलिंगमध्ये लिहिलेला. आयरिशमध्ये त्याला वेगळा अर्थ नाही. डून लेरीचं मात्र तसं नाही. इथे शब्द जुना, अर्थ जुना आणि लेखनही जुनं परत आलं. आयर्लंडमध्ये बहुतेक पाट्यांवर आयरिश आणि इंग्रजी अशी दोन नावं दिसतात, पण या गावाच्या पाटीवर एकच दिसतं. कारण त्याला दुसरं इंग्रजी नाव ठेवलंच नाही.

इथवर गोष्ट छान आहे. गेलेलं नाव परत आलं, शेवट गोड. पण मंडळी, ही पोस्ट त्याच्या पुढच्या भागासाठी लिहिली आहे.

नाव परत आलं. भाषा?

डून लेरीच्या रस्त्यावर उभं राहून कान द्या. इंग्रजी ऐकू येईल, पोलिश, पोर्तुगीज, हिंदी, मल्याळम, आपली मराठीही ऐकू येईल. आयरिश क्वचित. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18.7 लाख लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? जेमतेम 72 हजार. राज्यघटनेत पहिली राजभाषा, प्रत्येक पाटीवर, शाळेत वर्षानुवर्षं विषय, आणि तरीही हे चित्र. पाटीवर डून लेरे लिहिलेलं असतं आणि गाव इंग्रजी वळणानं डन लिअरी म्हणतं.

असं का झालं? सत्तेनं दडपलं हे तर आहेच. 1831 पासून सरकारी शाळा आल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या. दुष्काळ आला, लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. पण या इतिहासात एक काठी आहे, आणि ती वाचताना आई-बाप म्हणून आपल्या पोटात कालवतं. मुलाच्या गळ्यात दोरीनं एक छोटी काठी अडकवायचे. मूल आयरिशमध्ये एक शब्द बोललं की काठीवर एक खाच पाडायची. संध्याकाळी खाचा मोजून शिक्षा. मास्तर एकटे हे करू शकले नसते. घरचे आई-बापसुद्धा खाचा पाडत होते.

ते दुष्ट नव्हते. त्यांना दिसत होतं की पोट भरायचं तर बोटीत बसून अमेरिकेला नाहीतर इंग्लंडला जावं लागणार, आणि तिथे इंग्रजी लागणार. मुलांच्या भल्यासाठीच करत होते. पुढे विसाव्या शतकात त्यातल्या कितीतरी घरांतली मुलं याच डून लेरीच्या धक्क्यावरून होलीहेडच्या बोटीत बसली. ज्या धक्क्यावर आपण मुलांना सायकल शिकवतो, तो या देशाचा निरोप घेण्याचा धक्का होता. परदेशी जाणं म्हणजे काय, हे या गावाला आपल्याइतकंच ठाऊक आहे.

'मुलांच्या भल्यासाठी' हे शब्द ओळखीचे वाटतात ना? "शाळेत गोंधळ होईल, घरीही इंग्रजीच बोलूया." "नाव फार मोठं आहे, अर्धंच सांगूया." काठी नाही, शिक्षा नाही, सगळं मायेनंच. पण खाच पडायची ती पडतेच.

आता याच्या शेजारी मुंबई ठेवून बघा. सरकारी इंग्रजी कागदावर 'बॉम्बे'चं 'मुंबई' 1995 मध्ये झालं. त्याआधी किती पिढ्या पाट्यांवर, तिकिटांवर, शिक्क्यांवर बॉम्बे होतं! पण मराठी माणसाच्या तोंडी ती मुंबईच होती. गिरणीतल्या कामगाराच्या, कोळणीच्या, गावाहून येणाऱ्या चाकरमान्याच्या. मुंबादेवीचं नाव टिकायला पाटीची गरज पडली नाही, कारण ते घराघरात रोज उच्चारलं जात होतं. 1995 मध्ये पाटी बदलली, नाव कुठे गेलंच नव्हतं.

डून लेरीत पाटी आली आणि बोलणं राहून गेलं. मुंबईत पाटी नव्हती, पण बोलणं होतं. या दोन गावांच्या गोष्टीतून मला एवढंच म्हणायचं आहे: पाटी सरकार बदलू शकतं, पण शब्द तोंडात ठेवण्याचं काम फक्त घर करू शकतं. परदेशात तर आपल्याला कुणी पाटीही देणार नाही. आपल्याकडे आहे ते फक्त जेवणाचं टेबल, झोपतानाची गोष्ट आणि गाडीतला मागच्या सीटवरचा गोंधळ.

मग करायचं काय?

मोठं काही नाही. तीन साध्या गोष्टी.

पहिली: मुलाचं नाव पूर्ण सांगा. शाळेत बाईंना जमत नसेल तर तीनदा म्हणून दाखवा. ज्या देशात शिव्हॉन, निव्ह आणि इफा ही नावं त्यांच्या मूळ स्पेलिंगसकट हजेरीपटावर असतात, तिथे 'ज्ञानदा' किंवा 'ऋग्वेद' म्हणायला शिकणं कुणालाही अशक्य नाही. या गावानं आपली मुकी अक्षरंसुद्धा छाटली नाहीत. आपण आपली बोलकी अक्षरं का छाटायची?

दुसरी: हाच हक्क गावालाही द्या. डून लेरी नीट म्हणायला शिका, मुलांकडून शिका. त्यांना शाळेत आयरिश असेल तर 'काय उपयोग त्याचा' हे वाक्य घरात नको. एका भाषेला निरुपयोगी म्हणायला शिकलेलं मूल उद्या दुसरीलाही तेच म्हणेल. शेजारच्या नावांचे अर्थही त्यांच्याबरोबर शोधा. किलायनीतलं 'किल' म्हणजे मारणं नाही, ते 'किल्ल' म्हणजे चर्च, लेनीनच्या मुलींचं चर्च. डॉकी म्हणजे काट्यांचं बेट: आयरिश नावाचा अर्थ व्हायकिंगांनी उचलला आणि आपल्या भाषेत म्हटला.

तिसरी: आपल्या आडनावात लपलेलं गाव मुलांना दाखवा. याचं सगळ्यात सोपं उदाहरण आयर्लंडनंच दिलंय. 2017 मध्ये या देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर. त्यांच्या आडनावातलं वराड हे मालवण तालुक्यातलं गाव. पंतप्रधानपदावर असताना, 2019 च्या डिसेंबरअखेरीला, ते त्या गावी जाऊन आले. आणि जिल्हा कुठला? सिंधुदुर्ग. तिथेही समुद्र, तिथेही किल्ला, तिथेही एका राजानं बांधलेला. दुर्ग आणि डून भाषेनं नातेवाईक नाहीत, पण अर्थानं एकमेकांना नक्की ओळखतील.

या शनिवारी पाऊस नसेल तर (आयर्लंड आहे, म्हणून 'तर') मुलांना घेऊन पूर्वेच्या धक्क्यावर चक्कर मारा. स्टेशनची पाटी मोठ्यानं वाचायला लावा. स्तंभाखालचे चार गोळे मोजायला लावा. मग घरी आल्यावर एका कागदावर देवनागरीत दोन ओळी लिहून घ्या: 'मी राहतो/राहते ते गाव: डून लेरी, म्हणजे लेरेचा किल्ला.' आणि खाली: 'आमचं मूळ गाव: ..., म्हणजे ...'

दुसऱ्या ओळीतला अर्थ तुम्हाला ठाऊक नसेल, तर आजी-आजोबांना फोन लावा. आणि फोन मुलाच्या हातात द्या.